बंगल्यावरचं चौथं ताट

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलो ते हसण्यासाठी, हे आधीच कबूल करून टाकतो. भानामती, चकवा, अंगात येणं... आमच्या मराठवाड्यात या मालाला कधी तोटा नव्हता आणि मला त्याचा कायम तिटकारा होता. मी गणिताचा मास्तर. वर्गात कुणी ताईत बांधून आला तर सगळ्यांसमोर तो सोडायला लावायचो. तेव्हा आज मीच हे लिहायला बसलोय म्हटल्यावर माझे जुने विद्यार्थी पोट धरून हसतील. हसू देत.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, पोलीस ॲक्शनच्या नऊ-दहा वर्षं आधीची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, वालूरच्या सरकारी शाळेत. शिकवणं सगळं उर्दूत, घरी मराठी. माझी पत्नी सुभद्रा एकोणीस वर्षांची होती. तिचं माहेर राणीसावरगाव. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात मी तिला पोचवायला निघालो.

सुभद्रेबद्दल दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे ती कशालाच नाही म्हणायची नाही. मी काहीही सांगितलं की मान खाली घालून हळूच म्हणायची, "बरं." रागाने नाही, कंटाळून नाही, नुसतं "बरं". दुसरी गोष्ट भाकरीची. भाकरी मधून खायची आणि कडक काठ ताटात बाजूला काढून ठेवायची. मला ते अजिबात खपायचं नाही. अन्न टाकायचं नाही, या विषयावर मी तिला इतकी व्याख्यानं दिली होती की विचारू नका. शेवटी माझ्यासमोर ती काठ खायला लागली. पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, हे पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना अभिमानाने सांगत असे. हात उचलायची गरजच पडली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला म्हातारपण यावं लागलं.

तर — वालूरहून सेलूला, सेलूहून रेल्वेने परभणी, तिथे गाडी बदलून गंगाखेड. परभणीला गाडी इतकी रखडली की गंगाखेडला उतरेपर्यंत दुपार कलली होती. सासऱ्यांनी बैलगाडी पाठवली होती, हाकायला त्यांचा जुना गडी मारुती. राणीसावरगावची वाट बालाघाटाच्या डोंगरातून जाते. फाल्गुन महिना, पळस नुसता पेटलेला. धावडा, टेंभुर्णी, साग — तेव्हा तिकडे खरंच जंगल होतं, आजच्यासारखे बोडके माळ नव्हते. घाटाच्या वर जंगलखात्याचा एक छोटा बंगला होता. दोन खोल्या, पुढे कठड्याची लांब पडवी, तिला पायऱ्यांवर उघडणारं दार, मागे आड. माझ्या ओळखीच्या, त्याच खात्यातल्या एका दारोगाने तिथे एक मुक्काम करायची चिठ्ठी दिली होती.

दिवस मावळायच्या आत आम्ही पोचलो. मारुतीने आम्हाला पायरीशी उतरवलं, सामान ठेवलं आणि बैल घेऊन परत खाली निघाला.

"अरे, इथेच सोड की गाडी," मी म्हणालो.

"न्हाई मास्तर, आमी बंगल्यावर थांबत न्हाई. खाली वढ्यापाशी हाय मी. सकाळी येतो," असं म्हणून तो गेलासुद्धा.

बंगल्यावर चौकीदार लिंबाजी आणि त्याची बायको धुरपतामाय, दोघंच. दोघंही साठीच्या पुढचे, मूलबाळ नाही. माय मोठ्या मायेची बाई. सुभद्रेचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तिला चुलीपाशी घेऊन गेली, पाय शेकायला गरम पाणी दिलं. दोघींचं बोलणं मला पडवीत ऐकू येत होतं. सुभद्रा हसत होती. वालूरला दोन वर्षांत मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं, आणि त्याचाही मला रागच आला.

जेवणं झाल्यावर खोलीत आल्या आल्या ती म्हणाली, "अहो, माय म्हणतात इथून निघताना 'येते' म्हणायचं नाही. 'जाते' म्हणायचं."

"का?"

"इथे म्हटलेलं खरं होतं म्हणे. येतो म्हणून गेलेलं माणूस कसंही करून परत येतं. तीन जण आहेत असे. एक जुना दारोगा, एक मोजणीचे अमीन आणि एक बैरागी. तिघं आपापल्या गावी वारले, पण न्याहारीला इथे येतात. माय रोज सकाळी त्यांची ताटं लावतात." थोडं थांबून तिने विचारलं, "खरं असेल का हो?"

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शिकलेल्या माणसाच्या बायकोने अडाणी बाईच्या नादी लागावं, पोटातल्या मुलावर असे संस्कार करावेत, वगैरे वगैरे. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं."

सकाळी ऊन पडवीत आल्यावर मी बाहेर आलो. खरोखरच तीन ताटं मांडलेली होती. चटईवर ओळीने, जंगलाकडे तोंड करून. प्रत्येकात ज्वारीची गरम भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला ठेचा. मी आडावर तोंड धुऊन आलो तर तिन्ही ताटं रिकामी. लिंबाजी ती उचलत होता.

"कुणी खाल्लं रे?"

"जेवले ते," तो म्हणाला. कुणी पाहुणा जेवून गेल्यावर सांगावं तितकं साधं.

समोरच्या झाडावर वानरांची टोळी होती. मी वानरांकडे बोट दाखवलं आणि हसलो. तो हसला नाही.

आम्हाला आत न्याहारी वाढली. सुभद्रेने दोन भाकरी खाल्ल्या. गरोदरपणात तिला अन्न जात नव्हतं, त्या दिवशी मात्र मनापासून जेवत होती. "दुष्काळातून आल्यासारखी काय खातेस?" मी म्हणालो. मग काठ तेवढे उरले, तेव्हा मी नुसता घसा खाकरला. तिने सगळे काठ खाल्ले. ताट लख्ख.

मारुती गाडी घेऊन आला. आम्ही निघालो. सुभद्रा मायच्या पाया पडली, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "जाते हं, माय."

आता नीट ऐका. ज्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, त्याने काय करायला हवं होतं? काहीही नाही. जाते काय आणि येते काय! पण माझ्या कानावर तो शब्द पडला आणि अंगाचा तिळपापड झाला. दिवस गेलेली बाई उंबऱ्यात उभी राहून "जाते" म्हणते? आमच्या घरात वाण्याकडे निघालेला माणूससुद्धा "येतो" म्हणूनच पायरी उतरायचा. आईने लहानपणी "जातो" म्हटल्याबद्दल माझ्या तोंडावर मारलं होतं. भुताखेतांना हसणारा मी मास्तर, एका अभद्र शब्दाने पार हादरलो. आणि हादरलो म्हणून चिडलो.

"काय म्हणालीस? आपल्यात असं म्हणतात?" मी तिचं मनगट धरलं. "येते म्हण."

माय पुढे आली. "मास्तर, नगा. पाया पडते तुमच्या. लेकराला वदवू नगा."

एका चौकीदाराच्या बायकोने मला अडवावं! मग तर मी हट्टालाच पेटलो. "म्हण."

सुभद्रेने मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," ती म्हणाली. आणि पुटपुटली, "येते."

"ऐकू आलं नाही. मोठ्याने." वर्गात पाढे म्हणून घेतो तसं म्हणून घेतलं मी.

"येते," ती मोठ्याने म्हणाली.

माय मटकन खाली बसली. सुभद्रा पायऱ्या उतरताना पोटावर हात धरून होती. गाडीत बसल्यावर घाट उतरेपर्यंत ती मागे बंगल्याकडे बघत होती. राणीसावरगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटलं, चला, डोक्यात प्रकाश पडला.

तिला पोचवून मी वालूरला परतलो. चैत्र संपता संपता कोपरा फाडलेलं कार्ड आलं. आमच्याकडे मृत्यूची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडतात, म्हणजे वाचायच्या आधीच कळतं. मी ते कार्ड शाळेच्या दारात हातात घेऊन किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. दोन दिवस अडली. ती गेली, मूलही गेलं.

तेराव्याला गेलो तेव्हा सासूबाई पदराआडून बोलल्या. "शेवटच्या दिशी सारखी म्हणायली, गाडी जोडा, गाडी जोडा. कुठं जायचं ग बाई, तर म्हणं न्याहारीला. ताट लागलं आसंल, उशीर व्हायलाय." मी म्हणालो, वातात बोलतं माणूस. त्या खेपेला बंगल्यावरून गाडी गेली तेव्हा मी मान वळवली नाही.

मार्गशीर्षात पुन्हा तिकडे जायची वेळ आली. कशासाठी, तेही सांगतो. लपवण्यात आता अर्थ नाही. सुभद्रेची धाकटी बहीण मागायला. तेव्हाची रीतच होती ती, आणि आईने घाई चालवली होती. सासऱ्यांनी होकार दिला, माघातली तिथी धरली. परतताना मी मारुतीला बंगल्यावर थांबायला सांगितलं. का? मला ते एकदाचं खोटं ठरवायचं होतं. नवा संसार मांडायचा तर डोक्यातला हा किडा काढून टाकायला हवा होता, असं मी स्वतःला समजावलं.

मारुती नेहमीप्रमाणे खाली ओढ्यापाशी गेला. मायने मला ओळखलं. जेवायला वाढलं, अंथरूण घातलं. सुभद्रेचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. मुलाबद्दल तर मी त्या दोघांपाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

सकाळी मी माय उठायच्या आधीच पडवीत खुर्ची टाकून बसलो. कडाक्याची थंडी. ठरवलं होतं, वानर येऊ दे, कुत्रं येऊ दे, लिंबाजी स्वतः खाऊ दे, आज डोळ्यांनी बघायचंच. ऊन आलं. मायने चटई अंथरली. एक ताट, दुसरं, तिसरं. मग चौथं. भाकऱ्यांतून वाफा निघत होत्या. चौथ्या ताटाशेजारी तिने एक लहानशी वाटी ठेवली आणि तिच्यात दूध ओतलं.

मी खुर्चीतूनच विचारलं, "वाटी कुणाला?"

"बाई एकल्या येत न्हाईत, मास्तर," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बसून राहिलो. समोर चार ताटं, एक वाटी. झाडांवर वानरं नव्हती. वाराही नव्हता. वाफा हळूहळू थांबल्या. तेवढ्यात मागून आडावरून लिंबाजीने हाक मारली, "मास्तर, पाणी काढलंय." मी मान वळवली आणि "आलो" म्हणून परत पुढे पाहिलं. इतकाच वेळ, एक शब्द बोलायला लागतो तितका.

ताटं रिकामी होती. पहिली तीन लख्ख. चौथ्यात भाकरीचे काठ, एकावर एक नीट रचून बाजूला काढलेले. वाटीच्या तळाशी थोडं दूध उरलं होतं आणि दोन थेंब चटईवर सांडले होते, लहान मूल पिताना सांडतं तसे.

वाचकहो, भूत पाहिलं असतं तर मी कदाचित पळालो असतो. पण ते काठ पाहून मला पळताही येईना. माझ्या इतक्या व्याख्यानांनंतर पहिल्यांदा तिने माझ्यासमोर ताटात काठ टाकले होते, आणि मी काही म्हणू शकत नव्हतो. मी रडलो. चाळीस पोरांना चळाचळा कापायला लावणारा मास्तर, खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो.

माय आतल्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बोलायचं आसंल तर बोला. हाईत अजून."

मी काय बोलणार होतो? चुकलो म्हणायचं होतं. दोन वर्षांत जो शब्द तिच्यापाशी एकदाही उच्चारला नव्हता, तो त्या सकाळी कुठून येणार?

खालून मारुतीच्या बैलांच्या घंटा ऐकू आल्या. मी उठलो, पिशवी घेतली, उंबऱ्यापाशी आलो. माय म्हणाली, "मास्तर, मनात आसंल तर 'येतो' म्हणा. त्या वाट बघायल्यात. न्हाईतर जातो म्हणा अन् सुटा. पर आज खरं ते म्हणा."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. त्याच जागी. लिंबाजी आणि माय पोचवायला पायऱ्यांखाली उतरून समोर उभे. मागे पडवीत ती ताटं. येतो म्हणालो असतो तर काय झालं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या क्षणी माझ्याइतका विश्वास ठेवणारा माणूस त्या डोंगरात दुसरा नव्हता. तिच्याकडे जायला एक शब्द पुरे होता. पण मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. माघातली तिथी धरली होती. मला जगायचं होतं.

"जातो," मी म्हणालो. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि पाठीमागून, त्या रिकाम्या पडवीतून, अगदी हळू आवाज आला —

"बरं."

माय आणि लिंबाजी माझ्या समोर होते. दोघांचे ओठ मिटलेले मी पाहिले. मायने डोळ्यांना पदर लावला, म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मी मागे वळलो नाही. पायऱ्या उतरलो, गाडीत बसलो.

माघात लग्न झालं. तिच्या बहिणीबरोबर मी त्रेचाळीस वर्षं संसार केला, तीन मुलं झाली. तिला यातलं काही सांगितलं नाही. ती काठ खायची, काठ टाकायची, मी बघायचो नाही. गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी दवाखान्यात तिला ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून ती मला म्हणाली, "येते हं." ती आली नाही. म्हणजे दुसरीकडे कुठे या शब्दाला काही वजन नाही, इतकंच मला त्यातून कळलं. तिच्या माघारी आता हे लिहायची मोकळीक आहे.

गेली कित्येक वर्षं मी याचं लॉजिक शोधतो आहे. वानरं होती म्हणावं, तर वानर काठ रचून ठेवत नाही. मायनेच बनाव केला म्हणावं, तर सुभद्रा काठ टाकते हे तिला कळायला मार्ग नव्हता. मायसमोर तर रात्री आणि सकाळीही मी ते खायला लावले होते. मुलाचं राणीसावरगावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळलं असेल, असं धरून चालू. आणि ते "बरं" माझ्याच मनाचं होतं म्हणावं, तर मायला कसं ऐकू आलं? माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर कृपा करून मला कळवू नका, कारण आता ते खरं मानायचं वय राहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलाच्या मागे लागून जीपने तिकडे गेलो. सकाळीच पोचलो, न्याहारीच्या वेळेला. जंगल राहिलं नाही. माय आणि लिंबाजी कधीच वारले. बंगल्याचा नुसता चौथरा उरलाय, दगडसुद्धा लोकांनी उचलून नेलेत, उंबरा तर कुणीतरी मुळापासून उपटून नेलाय. दार कुठे होतं ते मी अंदाजाने शोधलं. तिथे उभा राहिलो, काठी खाली ठेवली आणि म्हणालो, "येतो."

ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणालो.

बराच वेळ थांबलो. मुलाने दोनदा हॉर्न वाजवला. कुणी "बरं" म्हटलं नाही.